मडमेच्या टेबलावरचा काळा पक्षी

बसा, बसा. चहा जरा निवू द्या, कारण हा किस्सा ऐकताना गरम घोट घेतलात तर ठसका लागेल. आणि माझी एक अट आहे. हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यावर उठणारे हसत हसत जातात आणि गावभर सांगतात, की पटवेकरनं जिवंत साहेबाचा दुखवटा घडवून आणला. आणलाच! मी कुठं नाही म्हणतो? पण कसा आणला, ते माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

आधी माझ्या धंद्याचं सांगतो. आम्ही पिढीजात पटवेकरी, म्हणजे दागिने गाठवणारे. सोनार सोनं घडवतो, पण ते गळ्यात शोभायचं तर रेशमात ओवून, मण्यांच्या सरात बसवून, गाठी मारून द्यावं लागतं. ते काम आमचं. पायाच्या अंगठ्याला रेशमाची लड अडकवायची, पाठीला बाक काढायचा आणि मोहरीएवढ्या मण्यांशी दिवसभर खेळायचं. पैठणला वडिलांच्या ओट्यावर बसून मी किती गळे नटवले, त्याला गणती नाही. पण मग लोकांना सोन्याच्या साखळ्या आवडायला लागल्या, रेशीम कुणालाच नको झालं, आणि मी बायकोला घेऊन इथं पिंपरीला आलो.

औषधाचा कारखाना नवा नवा उभा राहत होता. भरतीच्या साहेबानं विचारलं, "काय येतं?"

मी म्हटलं, "मणी ओवता येतात."

त्यानं मला बाटल्या धुवायला लावलं.

आता सांगा, बाटल्या धुणाऱ्याला कोण पटवेकरी म्हणणार? आडनाव राहिलं, धंदा गेला. दिवसभर पाण्यात राहून बोटं अशी फुगायची, की रात्री भाकरीचा तुकडा मोडला तरी तो कळू नये. मला पगाराबद्दल तक्रार नव्हती हो. एकच वाटायचं, की डोळे मिटायच्या आत या हातांना एकदा तरी कुणी मण्यांचं काम द्यावं. एकदाच! देवानं ते ऐकलं. देव कधीकधी ऐकतो, हेच वाईट.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत बबन राहायचा. मूळचा चऱ्होलीचा, आणि कारखान्यातल्या जर्मन साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी. मडमेची भाषा आपल्याला येते अशी त्याची ठाम समजूत होती. येत काही नव्हती. ती बोलली की हा मोठ्यानं "यस" म्हणायचा आणि मग मनाला येईल ते करायचा.

एके दिवशी तो तोंड पाडून आला. "पटवेकर राव, मला येका घोळातनं सोडवा. मडमेच्या टेबलाचं मनी गळालं. आन म्या ते केरात काढलं."

"टेबलाला मणी?"

"व्हय. समदं टेबलच मन्यांचं हाय."

"बबन, सकाळी सकाळी घेतलीस का?"

"न्हाई ओ! माळ हाय गळ्यात माझ्या. तुमी चला, डोळ्यांनी बघा, मंग बोला."

मी गेलो, बघितलं आणि फरशीवर बसलोच. एका पायावर उभं असलेलं गोल टेबल, आणि वरचा सगळा भाग काचेच्या मण्यांचा! लाल मण्यांच्या चेरी, हिरव्या मण्यांची पानं, निळं आभाळ, आणि मधोमध फांदीवर समोरासमोर बसलेले दोन पांढरे पक्षी. मणी कसले, मोहरी! माझ्यासारख्याच कुणीतरी ते दोऱ्यात ओवून, सर चिकटाव्यात दाबून, ओळीला ओळ लावली होती. तो माणूस जर्मनीत होता आणि मरून दोनशे वर्षं झाली असतील, पण त्याचा हात मी ओळखला. वाटलं, हा आपला चुलता.

मडम वेताच्या खुर्चीत बसलेली होती. बंगल्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय स्टुलावर. आणि तेवढ्यातच साहेबाच्या पोटात असं काही दुखायला लागलं, की कंपनीच्या मोटारीनं त्याला थेट मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन होणार होतं. तिला जाता येईना. फोन फक्त कारखान्याच्या फाटकावर. तिथून काही निरोप आला तर यायचा, म्हणून ती बाई दिवसभर खिडकीतून कारखान्याच्या रस्त्याकडे बघत बसायची. रस्त्यानं कुणी येताना दिसलं की दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हाही तिनं ती तशीच धरली होती.

आम्हा दोघांत भाषा नाही. पण मण्यांचं बोलायला भाषा कशाला लागते? तिनं खुणेनं सांगितलं, की टेबल तिच्या आजीच्या आजीच्या लग्नातलं. मग एका पक्ष्यावर बोट ठेवलं आणि स्वतःच्या छातीवर ठेवलं. ही मी. दुसऱ्या पक्ष्यावर ठेवलं आणि मुंबईकडे हात केला. हा साहेब. आणि नेमकी त्या दुसऱ्या पक्ष्याची छाती गळालेली! आपल्याकडच्या पावसाळी ओलीनं लाकूड फुगलं, चिकटावा सुटला आणि बोटभर जागा मोकळी झाली. तिनं त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं, हात जोडले आणि माझ्याकडे बघितलं. साहेब परत यायच्या आत ही छाती भरून हवी होती. यात न कळण्यासारखं काय आहे? मला सगळं कळलं. दुर्दैवानं जरा जास्तच कळलं.

आता पांढरे मणी शोधणं आलं. केरात गेलेले मणी बबननं आणि मी उकिरड्यावर गुडघे टेकून शोधले; तीन सापडले. पिंपरी कॅम्पात सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्यानं ज्वारीएवढे मणी काढून दाखवले. मी म्हटलं, "शेठ, पक्ष्याला लावायचेत, बैलाला नाही." पुण्याला रविवार पेठेत गेलो, बोहरी आळी पालथी घातली. पांढरे होते, पण चुन्यासारखे मेलेले. या पक्ष्याचा पांढरा कसा होता, तर निरशा दुधासारखा. मी रिकाम्या हातानं परत आलो.

घरी बायको भाकरी थापत होती. अनसूया. मी तिच्या गळ्याकडे बघितलं आणि बघतच राहिलो.

ती म्हणाली, "काय वं? पहिल्यांदाच बघायलाव का?"

तिचं मंगळसूत्र दोन पदरी होतं. माझ्या वडिलांनी सून आणताना स्वतः गाठवलेलं. जुने काचेचे काळे मणी, अगदी मोहरीएवढे, पक्ष्याच्या मापाचे! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंग कशाला बघायचा? ज्या पक्ष्याला साहेब म्हणतात, तो साहेब दवाखान्यात. नवऱ्याच्या जिवाला धोका असताना काळ्या मण्यांहून मोठी राखण कोणती? पांढरे मणी न मिळणं हाच देवाचा कौल! असलं काही सुचलं, की माणसानं थंड पाण्यानं तोंड धुवून झोपावं. मी तसं केलं नाही. मी अनसूयाला सगळं सांगितलं.

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तिचा नवरा तिकडं दवाखान्यात, आन माझा इकडं मोकळा सुटलाय!"

"एकच पदर दे. दुसरा राहतोच की गळ्यात. आठ दिवसांत नवा सर ओवून देतो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग विचारलं, "त्या बाईला लेकरंबाळं हायत का?"

"दिसत नाहीत."

"म्हंजी त्यो एकटाच हाय तिला." आणि तिनं स्वतःच हात मागं नेऊन गाठ सोडली. "घ्या. तिचा माणूस वाचू द्या. पर माझा पदर इसरू नका."

आठ दिवस पाळी सुटली की मी बंगल्यावर. व्हरांड्यात मांडी घालायची, अंगठ्याला रेशीम अडकवायचं. पहिल्या दिवशी फुगलेल्या बोटांत मणी धरवेना. तिसऱ्या दिवशी बोटांना सगळं आठवलं. काय सांगू तुम्हाला, मी एकटाच बसून हसत होतो! राळ, मेण आणि खडूची पूड तापवून चिकटावा केला, ओळीला ओळ जुळवली. रोज काम संपलं की वर कापड टाकायचो, कारण अर्धं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मडमही गुणी, एकदाही कापड उचलून बघितलं नाही तिनं.

आणि रीतीचं निघालंच आहे तर दुसरी रीतही ऐकून ठेवा, सगळा घात तिनंच केला. दागिना सवाष्णीच्या हवाली करताना त्यावर कोरं कापड टाकायचं, पांढरी फुलं ठेवायची, हळदीकुंकवाचं बोट लावायचं. मग कापड बाजूला करायचं आणि कारागिरानं हात जोडून, मान खाली घालून उभं राहायचं. बाईनं दागिन्याला हात लावेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. काढलं, की त्यातलं सौभाग्य उडून जातं. माझ्या वडिलांनी या कामी आयुष्यात कधी तोंड उघडलं नाही. मी कसं उघडणार?

नवव्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोरा मांजरपाट काखेत मारून भर दुपारी कारखान्यातून निघालो. फाटकावर शिंदे हवालदारानं हाक मारली. त्याची ड्यूटी संपत आली होती.

"पटवेकर, बंगल्यावर निघालास का? बरं झालं, माझी चक्कर वाचली. ही चिठ्ठी दे मडमेला, मोडक्या विंग्रजीत लिवलीया म्या. आत्ताच मुंबईचा फोन आला व्हता. आपरेशन झकास झालं, सायेब खडखडीत हाय. रविवारी येतोय!"

मी चिठ्ठी टोपीच्या घडीत खोचली. तुम्हाला सांगतो, जमिनीवर पाय ठरेना! काळ्या मण्यांनी काम केलं की नाही? आणि तेही टेबल हवाली करायच्या आधीच! मी मनाशी ठरवलं, की आधी टेबल दाखवायचं, तिनं हात लावला की मग चिठ्ठी द्यायची. दोन आनंद एका वेळी! एका आनंदावर भागलं असतं हो. पण नाही. मला थाट हवा होता.

आता मडमेच्या खुर्चीत बसून हे सगळं बघा. कारखान्याच्या रस्त्यानं एक माणूस येतो. अवेळी येतो. तो काही बोलत नाही. बागेतली तगरीची पांढरी फुलं तोडतो. टेबलावर प्रेतावर घालतात तसला पांढरा मांजरपाट पसरतो, वर फुलं ठेवतो. मग हळूच कापड ओढून घेतो, दोन पावलं मागं सरतो, हात जोडतो, मान खाली घालतो आणि दगडासारखा उभा राहतो. आणि टेबलावर तिच्या नवऱ्याचा पक्षी छातीभर काळा.

त्यांच्याकडे काळा रंग मयताचा असतो. हे मला कुणी सांगायचं?

आधी काही आवाजच आला नाही. मान खाली ठेवून मी मनात म्हणतोय, बाई, लाव हात, लाव. मग असा हुंदका आला, की खिडकीची काच थरथरली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काम बघून रडतेय! माझ्या वडिलांच्या कामावर बायका खूष व्हायच्या, पण रडलं कुणी नव्हतं. इतकी वर्षं बाटल्या धुतल्या त्याचं सार्थक झालं, म्हणून मीही रडायला लागलो.

तिनं ओलं तोंड वर केलं आणि साहेबाचं नाव घेऊन मला काहीतरी विचारलं. टेबलाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी रडत रडत फक्त मान हलवली. हो!

हो काय हो? अजून मला आठवलं की दातखीळ बसते.

तेवढ्यात बबन आतून पळी घेऊन धावत आला. मडम रडतेय, मी रडतोय, फुलं, मांजरपाट. त्यानं पळी टाकली आणि बोंब मारली, "आरं द्येवा! सायेब गेलं!" आणि तसाच रस्त्यावर पळत सुटला.

खरी मौज पुढंच आहे. मौज म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. बबन ओरडत गेला, तेव्हा मी विचार केला, की माझी चिठ्ठी तर मघाची. बबनला त्यानंतरचं काहीतरी कळलेलं दिसतंय. बाईलाही कळलंय, म्हणूनच ती माझं काम बघून नाही, नवऱ्यासाठी रडतेय! माझीच अफवा रस्त्यापर्यंत जाऊन माघारी आली, आणि पहिला विश्वास ठेवला तो मी! आता "साहेब बरे आहेत" अशी चिठ्ठी त्या बाईच्या हातात कोणत्या तोंडानं द्यायची? जखमेवर मीठ कशाला? मी टोपीची घडी आणखी घट्ट केली. तीसुद्धा दयेपोटी, बरं का!

तासाभरात बंगला माणसांनी भरला. कारखान्याचे मोठे साहेब आले, त्यांच्या बाईसाहेब आल्या. कुणीतरी मडमेला आत नेलं; बाहेर आली तेव्हा काळा झगा घातलेला होता. मुंबईला ट्रंक कॉल लावला होता, पण तो काही लागेना. कारखान्यात चार वाजता भोंगा झाला, सगळी खाती बंद झाली आणि माणसं मैदानात गोळा झाली. दोन मिनिटं उभं राहणं झालं. मग मोठे साहेब म्हणाले, "बातमी आली तेव्हा जो कामगार बंगल्यावर होता, त्यानं दोन शब्द बोलावेत."

मी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. पण त्या दिवशी काय बोललो महाराजा! म्हटलं, "हा देवमाणूस सातासमुद्रापलीकडून आला आणि आपल्या मातीत मिळाला." माणसं डोळे पुसायला लागली. बाटल्यांच्या खात्यातले तर हमसून हमसून रडले. त्यांच्यातल्या कुणी साहेबाला धड बघितलेलंही नव्हतं. मला चेव आला. म्हटलं, "त्यांच्या जिवासाठी माझ्या बायकोनं गळ्यातला पदर सोडून दिला, पण काळापुढं..."

तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "कोण गेलं रं?"

शिंदे हवालदार! घरी जाऊन, जेवून, झोप काढून, भोंगा ऐकून आलेला.

"जर्मन सायेब," कुणीतरी कुजबुजलं.

"आरं हॅट! दुपारी तर म्या सोता फोन घेतलाय. रविवारी यायचाय त्यो! चिठ्ठी दिलीया की मी मडमेला धाडून."

मोठे साहेब म्हणाले, "कुणाबरोबर?"

शिंदेनं बोट उचललं. अख्ख्या मैदानानं मान वळवली. इतक्या माणसांनी माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही बघितलं नाही. मी टोपी काढली, घडी उलगडली. चिठ्ठी निघाली. घामानं ओली झाली होती, पण अक्षर शाबूत होतं.

मोठे साहेब काही ओरडले नाहीत. दातावर दात दाबून एवढंच म्हणाले, "चल. तूच द्यायची ती."

चार तास झाले होते. एका जिवंत माणसाच्या बायकोला मी चार तास विधवा करून ठेवलं होतं. तुम्हाला चार तास थोडे वाटतात का? मी तिला दुपारी बघितलं होतं आणि संध्याकाळी बघितलं. चार वर्षांचं आजारपण काढून उठल्यासारखी दिसत होती.

तिनं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मोठ्या साहेबांनी इंग्रजीत काहीबाही सांगितलं, गळ्याकडे हात नेऊन काळे मणी म्हणजे काय ते समजावलं. ती प्लास्टरच्या पायावर भार देऊन उभी राहिली, माझ्यापर्यंत आली आणि अशी मुस्काटात ठेवून दिली, की माझी टोपी बबनच्या पायाशी जाऊन पडली. आणि मग त्याच हातानं माझा हात धरून ती रडली. या खेपेला मला कळलं, ती कशासाठी रडतेय ते.

रविवारी साहेब आला. त्यानं तो पक्षी बघितला, सगळी हकिकत ऐकली आणि पोटाचे टाके धरून हसला. पक्षी तसाच ठेवायचा म्हणाला. मडमेनं त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि कधी उचलला नाही. पुढं ते टेबल घेऊन त्यांच्या देशाला गेले. त्या रुमालाखाली अजून माझ्या अनसूयाचे मणी असतील.

माझी नोकरी गेली नाही. बाटल्या होत्या, मी होतो. फक्त कारखान्यात कुणी मला पटवेकर म्हणेना. नाव पडलं चिठ्ठीवाले. मण्यांचं काम मात्र तेव्हापासून सुटलं. अंगठ्याला रेशीम अडकवलं, की तो हुंदका ऐकू यायचा. अनसूयाचा पदर तसाच राहिला. "ओवतो गं, ओवतो," असं म्हणत वर्षं गेली. ती एका पदरावर राहिली. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "पटवेकरीण बाई, तुमच्या गळ्यात एकच पदर?" ती म्हणायची, "दुसरा जर्मनीला गेलाय." आणि हसायची. मला एकदाही बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागच्या भाद्रपदात तिला ताप भरला. पाचव्या दिवशी गेली. एका पदरानिशी गेली.

चाळीतली माणसं जमली. मी भिंतीशी बसलो होतो, हात जोडून, मान खाली घालून. तोंडातून अक्षर फुटत नव्हतं. रीतीनं नाही, तसंच. तिच्यावर कोरा मांजरपाट होता आणि कुणीतरी तगरीची फुलं आणून ठेवली होती.

बबन आला. माझ्याशेजारी टेकला. बराच वेळ त्यानं त्या मांजरपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "पटवेकर राव, येकदा टोपी बघा की. चिठ्ठी ऱ्हायली आसंल येखादी."

आता हसा. हसण्यासारखंच आहे. पण खरं सांगतो, मी टोपी काढली आणि त्या सगळ्या माणसांदेखत तिची घडी उलगडून बघितली.